तगरचें जाडेंभरडें कापड

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. भाविकांस तें गोरोबाकाकांचें गांव म्हणून ठाऊक आहे. पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस तें विटांच्या त्रिविक्रम मंदिरामुळें आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जमविलेल्या संग्रहामुळें परिचित आहे. परंतु या दोन्ही ओळखींहून जुनी अशी या गांवाची आणखी एक ओळख आहे, आणि ती समुद्रापलीकडच्या एका व्यापाऱ्याच्या टिपणांत नोंदलेली आहे. त्या टिपणांत या गांवाचें नांव तगर असें आहे व त्याच्यापुढें लिहिलेला मुख्य माल म्हणजे कापड होय. तें कापड कोणत्या प्रकारचें होतें, तें कसें तयार होई आणि त्या धंद्याचा मुख्य भार कोणाच्या शिरावर होता, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास, मिसर देशांत राहणाऱ्या कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नांवानें तें लहानसें पुस्तक प्रसिद्ध आहे. लेखकानें आपलें नांव दिलेलें नाहीं. त्याचें लक्ष कोठें काय विकत मिळतें व कोठें काय खपतें एवढ्यावरच असल्यामुळें त्याच्या लिहिण्यांत अलंकार नाहींत, आणि त्यामुळेंच तें विश्वसनीय वाटतें. दख्खनच्या अंतर्भागांतील दोन बाजारपेठांचा त्यानें विशेष उल्लेख केला आहे. एक पैठण व दुसरी तगर. पैठणाहून अकीकासारखे दगड येतात, आणि तगराहून साधें कापड पुष्कळ, तलम कापड अनेक प्रकारचें व ‘मोलोखिना’ नांवाचें तिसरें एक कापड येतें, असें तो सांगतो. हा सर्व माल धड रस्ते नसलेल्या मुलखांतून गाड्यांवर लादून भडोच बंदरास आणीत असत. साध्या कापडास त्यानें ‘ओथोनिऑन’ व तलम कापडास ‘सिंदोन’ हे ग्रीक शब्द योजले आहेत.

हें तगर म्हणजेच तेर, हें ठरावयास बराच काळ लागला. दुसऱ्या शतकांतील भूगोलकार टॉलेमी यानेंही तगराचें नांव घेतलें आहे. शिलाहार राजे पुढें कित्येक शतकें ‘तगरपुरवराधीश्वर’ अशी पदवी अभिमानानें मिरवीत होते. तरीही हें नगर नेमकें कोठें होतें याचा विसर पडला होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांस तें जुन्नर वाटलें, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा कल धारूरकडे होता. अखेर १९०१ सालीं फ्लीट यांनीं तेरचें नांव पुढें मांडलें आणि पुढच्या काळांत तेथें सांपडलेल्या वस्तूंनीं व १९५८ च्या चापेकरांच्या उत्खननानें त्यास बळकटी आणली. पेरिप्लसकार भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर व तेथून तगर दहा दिवसांच्या वाटेवर आहे असें म्हणतो. भडोच ते पैठण हें अंतर सरळ रेषेनें सुमारें ३५० किलोमीटर आणि पैठण ते तेर सुमारें १५० किलोमीटर भरतें. म्हणजे दोन्ही टप्प्यांत दिवसाची चाल पंधरा ते साडेसतरा किलोमीटर पडते. लादलेल्या बैलगाडीची चाल ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें गणित पटण्यासारखें आहे. दिशा मात्र तो पूर्व सांगतो व खरी दिशा आग्नेय आहे. पण ज्यानें किनाऱ्यावर बसून गाडीवानांकडून माहिती गोळा केली त्याची एवढी चूक क्षम्य मानली पाहिजे.

येथें एक शंका उपस्थित होते. तगराहून कोकणचा किनारा जवळ असतां हे गाडीवान महिनाभर उत्तरेकडे कां चालत? याचें उत्तर पेरिप्लसकारानेंच दिलें आहे. कल्याण हें पूर्वीं चांगलें बंदर होतें, पण सत्ता पालटल्यावर तेथील व्यापारास अडथळा झाला, आणि तेथें चुकून आलेल्या ग्रीक गलबतांस पहाऱ्यांत भडोचला नेण्यांत येऊं लागलें. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याचा हा परिणाम होता. राजांच्या या भांडणाची किंमत तगरच्या बैलांनीं भरली असें म्हटल्यास चालेल.

पण याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. महिनाभराच्या वाटेनें न्यावयाचा माल वजनास हलका व मोलास भारी असावा हा व्यापाराचा साधा नियम होय. मलमल त्या नियमांत बसते. साधें कापड बसत नाहीं. शिवाय भडोचच्या आसपासचा मुलूख स्वतःच कापसाचा व साध्या कापडाचा आहे असें हाच लेखक अन्यत्र सांगतो. असें असून तगरच्या मालांत त्यानें प्रथम नांव घेतलें तें साध्या कापडाचें, आणि ‘पुष्कळ’ म्हणून घेतलें. कापसाच्या देशांत, पांचशें किलोमीटरांवरून आणलेलें जाडेंभरडें कापड विकलें जात होतें! याचा अर्थ एवढाच संभवतो कीं तें मूळ ठिकाणीं फार स्वस्त पडत असलें पाहिजे. तें इतकें स्वस्त कां पडे हें समजण्यासाठीं कापड तयार होण्याची रीत पाहिली पाहिजे.

काळ्या जमिनींत येणारा आपला जुना देशी कापूस आंखूड धाग्याचा होता. अमेरिकन जातीचा लांब धाग्याचा कापूस फार पुढें आला. वेचलेल्या कापसांतून प्रथम सरकी वेगळी करावी लागते. मग पिंजणाच्या तांतीनें तो पिंजून मोकळा करतात व त्याचे पेळू वळतात. पेळूच्या टोकाशीं तंतू ओढीत जावयाचें आणि त्याच वेळीं त्यास पीळ देत जावयाचें, हेंच कातणें होय. तंतू ओढतां ओढतां किती बारीक ठेवावयाचा यावर पुढील सर्व कांहीं अवलंबून असतें. सुताचा बारीकपणा नंबरानें मोजतात. एका पौंड सुतांत ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. २० नंबरच्या एक पौंड सुताची लांबी १६,८०० वार भरते. १०० नंबरच्या तितक्याच सुताची ८४,००० वार, म्हणजे सत्तेचाळीस मैलांहून अधिक. जाडेंभरडें कापड व मलमल यांतील पहिला भेद येथें, मागावर जाण्यापूर्वींच, ठरून गेलेला असतो.

सूत तयार झाल्यावर त्याचे दोन वांटे होतात. जे धागे कापडाच्या लांबीनें ताणून बसवावयाचे तो ताणा, आणि जो धागा त्यांच्यामधून आडवा जावयाचा तो बाणा. ताण्याच्या धाग्यांवर ओढ व घासणी फार होते, म्हणून त्यांस खळ देऊन, कुंचल्यानें सारखें करून वाळवितात. मागावर ताण्याचे धागे एकाआड एक अशा दोन गटांत दोऱ्यांच्या फांसांतून ओवलेले असतात. विणकर खड्ड्यांत पाय सोडून बसतो व एक पावडी दाबतो. तेव्हां एक गट वर उचलला जातो, दुसरा खालीं राहतो, आणि मध्यें पडलेल्या फटींतून तो धोटा फेंकतो. धोट्यांतील कांडीवरचा बाणा एका कडेहून दुसऱ्या कडेस जातो. मग फणी जवळ ओढून तो धागा ठोकून बसवितात, दुसरी पावडी दाबतात, आणि धोटा उलट फिरतो. दोन हजार वर्षांपूर्वींच्या मागाची ठेवण थोडी निराळी असेल. तत्त्व मात्र हेंच होतें.

बाण्यानें ताण्याचा एक धागा वरून व एक खालून घेणें ही साधी वीण होय. तगरचें ओथोनिऑन काय किंवा सिंदोन काय, दोन्हींची वीण हीच असली पाहिजे. भेद सुताच्या नंबरांत, पिळांत व फणीच्या दांतांत. जाड सूत घट्ट ठोकलें कीं पासोडीचें, गोणीचें, शिडाचें कापड होतें. बारीक सूत विरळ फणींतून सोडून हलक्या हातानें बसविलें कीं मलमल. मोलोखिना या शब्दाचा उगम ग्रीक भाषेंतील एका रानभाजीच्या नांवांत आहे. कापूस, अंबाडी, भेंडी व जास्वंद हीं सर्व ज्या कुळांतील आहेत त्याच कुळांतील ती वनस्पती होय. कांहीं विद्वान् या शब्दावरून तिच्या फुलाच्या जांभळट रंगाचें कापड समजतात, कांहीं त्यास कापडाच्या एका निराळ्या जातीचें नांव मानतात. आम्हांस रंगाचा अर्थ अधिक स्वाभाविक वाटतो. दख्खनच्या रंगाऱ्यास नीळ ठाऊक होती व आलीच्या मुळ्यांचा तांबडा रंगही ठाऊक होता. निळीच्या कुंडांतून हिरवट निघालेलें आणि वाऱ्यावर निळें झालेलें सूत पुन्हां तांबड्या रंगांत बुडविलें म्हणजे जांभळी छटा येते. ही करामत आमच्या भागांतील निराळी व रंगारी लोकांच्या हातीं पिढ्यान्‌पिढ्या होती.

साध्या विणीच्या पलीकडे मराठवाड्यानें पुढें पुष्कळ मजल मारली. पैठणींत पदराच्या नक्षीसाठीं प्रत्येक रंगाची लहान कांडी स्वतंत्र असते. ती आपल्या ठिकाणापुरतीच फिरते व शेजारच्या रंगाच्या धाग्यांत गुंतवून परत आणतात, त्यामुळें पदर दोन्ही बाजूंनीं सारखाच दिसतो. औरंगाबादच्या हिमरूंत सुती ताण्याच्या अंगावर रेशमाचा जादा बाणा फुलें काढीत जातो. मश्रूंत रेशमी ताणा वरच्या अंगास तरंगत ठेवून सुताचा बाणा कातडीकडे राखलेला असतो, म्हणजे दिसावयास रेशीम आणि स्पर्शास सूत. धनगरांच्या मेंढ्यांची लोंकर कातून, चिंचोक्याची खळ देऊन सणगर जें घोंगडें विणतात तें तर पुनः साध्याच विणीचें. पण पावसांत, थंडींत व शेताच्या बांधावर त्याच्याइतकें उपयोगी वस्त्र दुसरें नाहीं. पैठणीचें नांव सर्वतोमुखीं झालें, घोंगडें घराच्या कोपऱ्यांत राहिलें. वस्त्रांच्या इतिहासांत असेंच नेहमीं घडतें. उंची वस्त्राची आठवण राहते व रोजच्या वस्त्राची बुजून जाते. पेरिप्लसकार व्यापारी होता म्हणूनच त्यानें तसें केलें नाहीं.

आतां स्वस्ताईच्या प्रश्नाकडे वळूं. नऊ वार लांब व ४५ इंच रुंद असें एक साधें लुगडें घ्या. इंचास ताण्याचे ४० व बाण्याचे ४० धागे धरले तर ताण्यास १६,२०० वार आणि बाण्यास तितकेंच, मिळून ३२,४०० वार, म्हणजे अठरा मैलांहून अधिक सूत लागतें. आज आपण सूतकताई म्हटली कीं चरखा डोळ्यांपुढें आणतों. परंतु तगरच्या भरभराटीच्या काळीं चरखा नव्हता. हिंदुस्थानांत त्याचा स्पष्ट उल्लेख १३५० सालच्या सुमारास, बहामनी राज्याच्या आश्रयास असलेल्या इसामी या कवीच्या फारसी काव्यांत सांपडतो. तेव्हां तगरचें सर्व सूत टकळीवर कातलेलें होतें हें निश्चित. सरावलेल्या हातानें टकळीवर तासास शंभर-दीडशें वार सूत निघतें. दीडशें धरले तरी या एका लुगड्यास २१६ तास झाले. दळणकांडण, पाणी, गुरें व मुलेंबाळें सांभाळून जी बाई दिवसाचे चार तास टकळी फिरवील तिचे ५४ दिवस एका लुगड्यांत जातात. विणकर तेंच लुगडें दोन-तीन दिवसांत विणून उतरवितो. म्हणजे एक माग अखंड चालवावयाचा तर अठरा ते सत्तावीस घरांतील टकळ्या अखंड फिरत्या पाहिजेत.

कातणारी बहुधा बाई असे हा केवळ आमचा तर्क नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्रांत सूत्राध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण आहे. विधवा, व्यंग असलेल्या स्त्रिया, वृद्ध दासी, घराबाहेर न पडणाऱ्या कुलस्त्रिया यांजकडून सूत कातवून घ्यावें आणि तें बारीक, मध्यम कीं जाड हें पाहून मजुरी ठरवावी, अशी त्यांत व्यवस्था आहे. ज्यांस दुसरा आधार नाहीं त्यांच्याकडून हें काम घेतलें जात होतें, आणि ज्यास दुसरा आधार नाहीं त्यास मजुरी किती मिळते हें सांगावयास नकोच. तगरच्या कापडाच्या स्वस्ताईचें मूळ आमच्या मतें येथें आहे. बाजारांत विकला गेला तो तगरचा कापूस नव्हे किंवा केवळ विणकराचें कसबही नव्हे. हजारों घरांतील स्त्रियांचा फावला म्हणून हिशेबांत न धरलेला वेळ त्या गाड्यांवर लादलेला होता.

विणकराची स्थिती याहून पुष्कळ बरी होती. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीपाशीं त्यानें २,००० कार्षापण दरमहा शेंकडा एक या व्याजानें कायमचे ठेविले व दुसऱ्या श्रेणीपाशीं १,००० कार्षापण दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. पहिल्या ठेवीचें व्याज वर्षास २४० कार्षापण होतें, आणि लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस वस्त्रासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण द्यावे असें लेखांत म्हटलें आहे. वीस बारे दोनशें चाळीस. हिशेब चोख जमतो. राजाच्या जांवयानें देवळाच्या पुजाऱ्याकडे किंवा सावकाराकडे न जातां विणकरांच्या संघाकडे आपला धर्मादाय सोंपविला, इतकी त्या संघाची पत होती. आजचा विणकर कर्ज काढतो. तेव्हांचा विणकर ठेवी ठेवून घेत असे. परंतु विणकराचें नांव असें शिलालेखांत कोरलें गेलें असतां सूत कातणारीची कोठें नोंद नाहीं. तिची श्रेणी नव्हती, तिची ठेव नव्हती, तिचा लेख नाहीं.

तिची खूण राहिली असेल तर ती सुताच्या पिळांत. दख्खनच्या जमिनींत ऊनपावसानें कापूस टिकत नाहीं. मिसरच्या कोरड्या वाळूंत टिकतो. तांबड्या समुद्राच्या कांठीं बेरेनिके नांवाचें जुनें बंदर आहे. तेथें १९९४ पासून झालेल्या उत्खननांत सुती कापडाचे व शिडांचे तुकडे निघाले. मिसरी कातणारे परंपरेनें धाग्यास ज्या बाजूनें पीळ देत, त्याच्या उलट बाजूचा पीळ यांतील पुष्कळ धाग्यांस आहे. धागा उभा धरला असतां त्याचे वळसे उजवीकडून डावीकडे खालीं उतरतात. हा पीळ हिंदुस्थानचा, असें अभ्यासकांनीं ठरविलें. अमुक तुकडा तगरचा असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. पण समुद्र ओलांडणाऱ्या गलबतांचीं शिडें आमच्याकडील जाड्याभरड्या कापडाचीं होतीं आणि त्यांतील प्रत्येक धाग्यास कोणा बाईच्या बोटांचा पीळ होता, इतकें निःसंशय म्हणतां येतें.

ही परंपरा तुटली ती एकोणिसाव्या शतकांत. प्रथम विलायती सूत आलें. १८५४ सालीं मुंबईंत पहिल्या कापूसगिरणीची स्थापना झाली आणि पुढें सोलापूर-बार्शीपर्यंत गिरण्या उभ्या राहिल्या. विणकराच्या दुर्दशेविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे व तें योग्यच आहे. पण एक गोष्ट त्यांत निसटते. गिरणीचें सूत विणकरास पुष्कळ दिवस सोईचें वाटलें. तें स्वस्त होतें, सारखें होतें, तुटत कमी होतें. त्याच्या जोरावर हातमाग गिरणीशीं टक्कर देत आणखी शंभर वर्षें जगला. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं सोलापुरास नांवलौकिक मिळविला तो याच सुतावर. मेली ती टकळी व चरखा. कातणारीचा धंदा गेला तेव्हां कोणी मोर्चा काढला नाहीं, कारण तो धंदा आहे असें कोणीं मानलेंच नव्हतें. विसाव्या शतकांत गांधीजींनीं चरखा पुनः घरांत आणला व १९२५ सालीं अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. त्या चळवळीच्या अर्थशास्त्राविषयीं मतभेद असूं शकतील. पण कातणारीच्या तासांची किंमत रोकड पैशांत मोजून तिच्या हातांत ठेवण्याचा तो एक मोठा प्रयत्न होता, हें तिच्या टीकाकारांनींही मान्य केलें पाहिजे.

आज धाराशिवच्या शिवारांत खरिपास सोयाबीनचें प्रस्थ आहे. तेरला जाणारा प्रवासी विटांचें देऊळ पाहतो, संग्रहालयांतील हस्तिदंती बाहुली पाहतो आणि रोमशीं असलेल्या व्यापाराच्या कथा ऐकून परततो. त्या व्यापाराचा आधार जें साधें कापड, तें पहावयास मिळत नाहीं. तरीही तें सर्वस्वीं नाहींसें झालें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. मराठवाड्यांतील जुन्या घरांत माळ्यावर किंवा पेटींत एखादी वाकळ, एखादी गोधडी असतेच. तिच्या वरच्या थराखालीं आजीचें, पणजीचें विटलेलें लुगडें असतें, आणि त्याखालीं कधीं कधीं त्याहून जुनें वस्त्र. अशी गोधडी उसवण्याची वेळ आली तर तिचे थर टाकून न देतां भिंगाखालीं पाहावे. धागा गांठाळ व कमीजास्त जाडीचा असेल तर तो हातचा. सारखा असेल तर गिरणीचा. इंचांत धागे किती, पीळ कोणत्या बाजूचा, कांठ कसा बांधलेला, हें कागदावर टिपावें आणि तें वस्त्र घरांत कोणाचें होतें, कोणत्या गांवच्या बाजारांतून आलें, कोणी विणलें, हें घरांतील वडीलधाऱ्या बायांस विचारून त्याच कागदावर लिहावें. पेरिप्लसकारानें यापेक्षां फारसें अधिक कांहीं केलें नव्हतें. तगरचें कापड दोन हजार वर्षें लोकांच्या स्मरणांत राहिलें तें त्याच्या तेवढ्याच टिपणामुळें. तें काम आतां आपल्या घरोघरीं व्हावें आणि या वेळीं त्यांत कातणारीचेंही नांव यावें, अशी आमची विनंती आहे.